भावांसह

संत जॉर्जचा दिवस

आज तिहोरादिच घराणं मोठं झालं, आणि ते माझ्या तोंडून झालं.

राजाचं दानपत्र मी व्रान्याक किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभं राहून वाचलं. खाली तीनशे माणसं तरी असतील. नेरेत्वाच्या दोन्ही काठांवरचे मेंढपाळ, उताराचे नावाडी, समुद्राकडून मीठ आणणाऱ्या तांड्यांचे वाटाडे. आमचे धनी प्रिबोये आजपासून वोयवोदा, म्हणजे या खोऱ्यातली प्रत्येक तलवार त्यांच्या शब्दाखाली. ज्यांचे वडील तिहोराद आयुष्यभर मिठाच्या घोड्यांमागून चालले, त्यांना राजा पत्रात 'आमचा प्रिय' म्हणतो. मी ते शब्द दोनदा वाचले. पत्रात ते एकदाच होते.

शेवटी साक्षीदारांची नावं आली, आणि त्यांत 'वोयवोदा प्रिबोये, भावांसह'. आमच्या मुलखात मोठा माणूस पत्रात कधी एकटा येत नाही. कितीही पत्रं लिहिली तरी हा शब्द लिहिताना माझा हात आपोआप सावकाश होतो. 

वाचून झाल्यावर धन्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "बोलाशिन, त्या 'भावांसह'मध्ये तूही आलास बरं का." ते प्यालेले होते. पण शुद्ध हरपण्याइतके नव्हते.

मी चुकलेल्या मसुद्यांच्या पाठीवर हे लिहीत जाणार आहे. हा उदय कोणीतरी जवळून पाहिला होता हे पुढच्यांना कळायला हवं. नातवंडांनी वाचावं. माझी नव्हेत, त्यांची.


तीन दिवसांनी

धाकटा भाऊ वूकोसाव याला या घराण्यात काय चाललंय याची जाणीवच नाही. राजाचा माणूस जेवायला बसलेला असताना हा तबेल्यातून तसाच आला, अंगाला घोड्याचा वास, आणि मला म्हणाला, "काय शाईवाले, आज परत वाचून दाखवणार का? खालच्या मेंढ्यांना नीट ऐकू आलं नव्हतं." सगळे हसले. राजाचा माणूससुद्धा.

मी उत्तर दिलं नाही. ज्यानं दोन भाषांतले ग्रंथ वाचलेत त्यानं तबेल्याला उत्तर द्यायचं नसतं. उत्तर मला नंतर सुचलं, फार चांगलं होतं.


जूनचा शेवट

वूकोसाव वेगळा निघाला.

कारण बायको. स्तानावा मेंढपाळाची मुलगी. आईसाहेब बेओका म्हणाल्या, वोयवोदाच्या घरात दुधाच्या चरव्या वाहणारी सून नको. तो म्हणाला, आपला बापही पोती वाहायचा. त्यावर आईसाहेब गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या की कोणाचंच काही चालत नाही.

सकाळी त्यानं आईच्या चुलीतला निखारा मातीच्या भांड्यात घेतला आणि नदीच्या उतारावरच्या जुन्या गिरणीत नेला. आमच्याकडे निखारा नेला की माणूस वेगळा. दुपारी गावच्या म्हाताऱ्यांनी तसं तोंडी जाहीर केलं, वूकोसावची चूल आजपासून वूकोसावची. आईसाहेब पाठ फिरवून कणीक मळत राहिल्या. धनी गच्चीवर गेले ते संध्याकाळीच खाली आले.

मला या रीती खुळचट वाटतात. रक्त काय निखाऱ्यानं वाटलं जातं? भाऊ तो भाऊ, एवढ्यावर कोणत्याही सभेत मी तासभर बोलेन आणि एकालाही उठू देणार नाही.

जाताना तो माझ्या खोलीच्या दारात थांबला. गिरणीखालच्या डोहात ट्राउट मासे चांगले मिळतात, कधी तरी येऊन जेवून जा, म्हणाला. थट्टाच असणार.


जुलै

जेवताना चुलीच्या उजव्या हाताची जागा रिकामी असायची. आज धनी म्हणाले, तिकडे दारापाशी वाऱ्यात कशाला बसतोस, इकडे ये. मी बसलो. पाठीला भिंतीची ऊब असते, भाकरी चुलीवरून थेट हातात येते. चौदा वर्षं मी या घरात आहे, आणि इथली भाकरी इतकी गरम असते हे मला आज कळलं.

आईसाहेबांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मला नावानं हाक मारत नाहीत, 'द्याक' म्हणतात, लिहिणारा. ते खरंच आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काय.


सप्टेंबरचा दुसरा आठवडा

तुर्क आले आणि गेले.

दोनशे घोडी वरच्या खिंडीतून उतरली. धनी राजाच्या कामावर उत्तरेला होते. किल्ल्यात आम्ही दार लावून बसलो. उतारावर वूकोसाव एकटा होता. तो त्यांच्यासमोर गेला, बोलला, आणि त्यांना नदीकाठची आडवाट दाखवून खोऱ्याबाहेर काढून दिलं. आमच्या सात गावांतलं एकही जळालं नाही. पलीकडच्या खोऱ्यातली तीन जळाली.

धनी परत आल्यावर त्यांनी भावाला मिठी मारली. मी म्हणालो, हे ठीक नाही झालं. ज्यानं शत्रूला वाट दाखवली त्यानं कोणाची तरी वाट लावली. पाच गावांचा धूर आभाळात असता तरी आपण राजाला मान वर करून सांगितलं असतं की तिहोरादिच झुकले नाहीत.

वूकोसाव दारात टेकून ऐकत होता. म्हणाला, "द्याक, धूर लिहायला सोपा असतो. तो नाकात गेलेली माणसं माझ्या गिरणीवर दळायला येतात."

लोक त्याला आता दुवा देतात. मीच एकटा विरुद्ध बोललो, आणि मला त्याचा अभिमान आहे. जेवणाच्या वेळी माझ्याशी कोणी बोललं नाही.


संत मायकेलचा दिवस

जे मी म्हटलं तेच झालं. जळालेल्या खोऱ्याच्या सरदारानं राजाकडे तक्रार नेली. राजानं सभा बोलावली आहे, तीन आठवड्यांनी, मोठ्या कुरणावर. प्रिबोयेंनी यावं आणि वूकोसावला सोबत आणावं.

धनी घाबरणारे नाहीत, पण त्यांनी अभयपत्र मागायचं ठरवलं. राजानं एकदा इमान दिलं, म्हणजे गोस्त ल्यूबेन यांच्या हातात हात ठेवून शपथ घेतली, की त्या पत्रातल्या माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. आधी गोस्त त्याचा दोष तपासतात, मग पुढचं. राजे बदलले, ही रीत बदलली नाही. गोस्त ल्यूबेन म्हणजे आमच्या क्रिस्त्यान पंथाचे वडीलधारे. मला कोणीतरी त्यांच्याच दारात टोपलीत ठेवून गेलं होतं. पहिली अक्षरं मी त्यांच्याकडे गिरवली.

पत्राचा मसुदा बोलावलेल्यानं करायचा, राजाचा द्याक तो जसाच्या तसा उतरवतो. म्हणजे मी लिहीन ते राजा शपथेवर म्हणेल. या मुलखात इतकी ताकद कोणाच्या तलवारीत आहे?


दोन दिवसांनी

मसुदा झाला. आठ ओळी. मी लिहिलेल्यांत हा सर्वांत नितळ. 'वोयवोदा प्रिबोये, भावांसह, यांना आम्ही आमचं इमान देतो, येताना, राहताना आणि जाताना.'

दुपारी आईसाहेब माझ्या खोलीत आल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा. पिठाचे हात तसेच. मला पत्र वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "त्यात वूकोसावचं नाव घाल."

मी समजावलं की तो 'भावांसह'मध्ये आला.

"तो वेगळा निघालाय, द्याक. त्याची चूल वेगळी आहे. नाव घाल, नाहीतर त्याला निखारा घेऊन परत माझ्या चुलीवर येऊ दे. मी सांगेन त्याला. मी जाईन गिरणीवर."

मी म्हणालो की अशा चुलींच्या गोष्टी राजाच्या सभेत कोणी काढत नाही. रक्ताचं नातं निखाऱ्यावर ठरत नसतं. मी बरंच बोललो, आणि चांगलं बोललो. माझं संपेपर्यंत त्या थांबल्या.

"तुला चूल म्हणजे काय ते ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तुला हे सोपं वाटतं."

त्या गेल्यावर मी लेखणी उचलली होती. खरंच उचलली होती. ओळीत जागाही होती. पण टोपलीतून आलेल्याला असं बोलून मग त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं? मी लेखणी धुऊन ठेवली.


दुसऱ्या दिवशी

धन्यांनीही तेच विचारलं, नाव घालू या का. मी त्यांना सरळ सांगितलं. वेगळं नाव घातलं की आपणच कबूल केलं, हा भाऊ आमच्यापासून निराळा आहे, याच्यावर आरोप आहे, याला निराळं अभय लागतं. एक शब्द आहे, जुना आहे, त्याखाली सगळे एकत्र उभे राहतात. तो फोडला की घर फुटलं. नावांची यादी केली की यादीबाहेरचे उघडे पडतात. कोणकोण बाहेर राहील, विचार करा.

हे शेवटचं वाक्य मला आपोआप सुचलं, आणि त्यावर माझा आवाज जरा कापला. धन्यांना वाटलं मी त्यांच्या घराण्यासाठी कळवळलोय. तसंच होतं.

ते खिडकीतून गिरणीकडे पाहत होते. मग म्हणाले, "तू वाचलेला आहेस. तू म्हणतोस तर तसं."


संत लूकच्या सणाआधी

अभयपत्र शिक्क्यासह परत आलं. एकही अक्षर बदललेलं नाही. राजानं गोस्तांच्या हातात हात ठेवून माझ्या आठ ओळी म्हटल्या.

सोबत मीही जाणार. राजाच्या सभेत मी पहिल्यांदाच जातोय, आणि तेही अभयाखाली. नवा अंगरखा मिळालाय. आईसाहेब आज खाली गिरणीवर गेल्या होत्या. सुनेशी बोलल्या म्हणतात. वूकोसावला घरी चल म्हणाल्या. तो हसून म्हणाला, सभेहून आलो की येतो, आत्ता निखारा घेऊन आलो तर लोक म्हणतील भ्यायला.


कुरणावर, पहिला दिवस

किती सरदार, किती तंबू. प्रत्येक निशाणाखाली 'भावांसह' आलेली माणसं, काका, पुतणे, चुलत-मावस. संध्याकाळी प्रत्येक तंबूपुढे एकेक पंगत. आमच्या तंबूपुढे आम्ही तिघं. वूकोसावनं कातड्याच्या पिशवीतलं चीज काढलं, निम्मं मला दिलं. स्तानावानं केलंय, म्हणाला. तिला सहावा महिना चालू आहे, हेही त्यानं मलाच सांगितलं, का ते कळलं नाही. मी म्हणालो, ईश्वर भलं करो. मग मी उद्याच्या सभेत काय बोलायचं ते मनात जुळवत बसलो.


कुरणावर, दुसरा दिवस

मी हे नीट क्रमानं लिहिणार आहे.

सकाळी आम्ही घोडी पाण्यावर नेत असताना राजाचे सहा शिपाई आणि राजाचा द्याक आले. वूकोसावला चल म्हणाले. धनी मध्ये आले, अभयपत्र पुढे केलं. राजाच्या द्याकानं स्वतःच ते उघडलं, मोठ्यानं वाचलं. माझी वाक्यं तो फार सपाट वाचतो.

मग त्यानं विचारलं, वूकोसाव कोणाच्या चुलीवर जेवतो.

आजूबाजूच्या तंबूंतून लोक जमले होते, सगळे सरदार, आणि त्यांच्यातल्या एकालाही या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं नाही. मी एकट्यानंच इकडेतिकडे पाहिलं.

वूकोसाव म्हणाला, "माझ्या. म्हणजे स्तानावाच्या. कालवण तुमच्या राजाकडच्यापेक्षा बरं असतं." काही जण हसलेही.

द्याकानं पत्र गुंडाळलं. मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "आणि तू?"

मी म्हणालो, वोयवोदांच्या.

"मग तू पत्रात आहेस. बाजूला हो."

मी बाजूला झालो.

धन्यांनी तलवारीला हात घातला तेव्हा वूकोसावनंच त्यांचा हात धरला. आईला एक तरी राहू दे, असं काहीसं म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, नेहमीसारखंच, "काय शाईवाले, माझ्या नावापर्यंत येईतो शाई संपली का?"

तो नेहमीच अशी थट्टा करायचा.

दुपारपर्यंत नदीकाठी सगळं झालं होतं. पळायला बघत होता, असं त्यांनी सांगितलं. वूकोसाव पळणारा नव्हता, हे मलाही माहीत आहे.


संत दिमित्रचा दिवस

त्याला गिरणीच्या वरच्या टेकाडावर पुरलं. स्तानावा रडली नाही, पोटावर हात धरून बसली होती. आईसाहेबांनी तिला उठवलं, घरात आणलं, आणि चुलीच्या उजव्या हाताला बसवलं.

मी दारापाशी बसलो.

मला कोणी दोष दिला नाही. एकदाही नाही. यापेक्षा शिव्या बऱ्या असत्या. मी स्वतःहून सांगितलं की राजानं इमान मोडलं, शब्दाचा अर्थ स्वच्छ होता, चुलीची पळवाट नंतर काढली. धनी म्हणाले, "हो ना. तू तेच म्हणाला होतास." मला वाटतं त्यांचा अजून विश्वास आहे.


संत निकोलसचा दिवस

धन्यांनी राजाला मुजरा करायला जायचं नाकारलं. तांडे थांबले, उतार बंद. राजाच्या सभेत आमची जागा जळालेल्या खोऱ्याच्या सरदाराला दिली. बर्फ वितळलं की फौज येणार.

आमच्याकडे एकच मार्ग आहे, आणि तो माझ्या कामाचा आहे. नऊ सरदारांना पत्रं पाठवली: आज तिहोरादिचांचं इमान मोडलं, उद्या तुमचं मोडेल. मी इतकं धगधगतं कधीच लिहिलं नव्हतं. बोटं फुटली थंडीनं, तरी थांबलो नाही. सत्य माझ्या बाजूचं आहे. जगात एकट्या माणसाची बाजू घ्यायला दुसरं कोण असतं?

उत्तरं आली. नऊच्या नऊ जण म्हणतात, गोस्त ल्यूबेन यांनी राजाला इमान मोडणारा ठरवलं तर आम्ही प्रिबोयेंसोबत उभे राहू. नाही ठरवलं तर तुमचं तुम्ही.


फेब्रुवारीची सुरुवात

स्तानावाला मुलगा झाला. घरात मला ते स्वयंपाकिणीनं सांगितलं.


फेब्रुवारी, गोस्तांच्या घरून आल्यावर

लिहितो.

गोस्तांचं घर तसंच आहे, दगडी, बुटकं, भिंतीला कांद्याच्या माळा. नऊ सरदार बाकांवर बसले. राजाकडून तो सपाट वाचणारा द्याक आला होता. त्यानं एवढंच सांगितलं की वूकोसाव वेगळ्या चुलीचा होता, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

मग मी उठलो. मी तासभर बोललो. भावाभावांच्या रक्तावर बोललो, शपथेवर बोललो, शब्द मोडणाऱ्या राजांची राज्यं कशी गेली ते ग्रंथांतून सांगितलं. एका म्हाताऱ्या सरदारानं डोळे पुसले. दुसऱ्यानं तलवारीची मूठ आवळली. मला दिसत होतं, ते आमचे झाले होते. नऊच्या नऊ. धनी माझ्याकडे असे पाहत होते की मी उरलेलं आयुष्य त्या नजरेवर काढलं असतं.

गोस्त ल्यूबेन ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी विचारलं, "झालं तुझं, पोरा?"

मी हो म्हणालो.

"लहानपणीही तू मोठ्यानं वाचायचास. मी म्हणायचो, हळू वाच, अक्षरं पळून जात नाहीत." मग त्यांनी बाकांकडे वळून सांगितलं की शब्दाच्या अर्थाबद्दल वाद झाला तर तो ज्यानं लिहिला त्याला विचारायचा, ही रीत आहे. लिहिणाऱ्याच्या मनात धाकटा भाऊ असेल तर राजाची शपथ त्याच्यावरही होती, आणि ती मोडली. नसेल तर मोडली नाही.

सगळे सुटल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले. माझं उत्तर तर त्यांनी तासभर ऐकलंच होतं.

गोस्तांनी हात पुढे केला. मी त्यात हात ठेवला. त्यांचा तळवा कोरडा आणि गरम होता. याच हातानं माझ्या बोटांत पहिली लेखणी धरली होती.

"भाषण नको. 'भावांसह' लिहिलंस तेव्हा तुझ्या मनात कोण होतं?"

मी तोंड उघडलं. 'वूकोसाव' एवढंच म्हणायचं होतं. चार अक्षरं माणूस झोपेतही म्हणेल.

मी म्हणालो, "मी."

मला माहीत नाही मी असं का म्हणालो. कोणीतरी मागे हसलं, त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. गोस्त हसले नाहीत. त्यांनी माझा हात सोडला नाही, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, इमान मोडलेलं नाही.

सरदार उठले. कोणी वाद घातला नाही. अंगणात घोड्यांवर खोगिरं चढली, एकेक जण आपापल्या वाटेनं निघाला, भावांबरोबर.

धनी शेवटी निघाले. मी त्यांच्या रिकिबीपाशी उभा होतो. ते मला मारतील असं वाटलं, मारावं असंही वाटलं. त्यांनी लगाम हातात घेतला, आणि फार थकलेल्या आवाजात म्हणाले,

"बोलाशिन, तुला नाव हवं होतं तर सांगायचं होतंस. मी घातलं असतं की. दोघांचीही घातली असती."

परतीच्या वाटेवर ते पुढे होते आणि मी मागे. बर्फ होतं. ते एकदाही थांबले नाहीत, आणि एकदाही वेगानं गेले नाहीत.


मार्च

फौज खिंडीपाशी आली. लढायला माणसं नाहीत. समुद्रकाठच्या दुब्रोव्हनिककरांनी धन्यांना कुटुंबासह आसरा द्यायचं कबूल केलं आहे. अट एकच, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून पाठवा.

धन्यांनी ती यादी स्वतःच्या हातानं लिहिली. त्यांचं अक्षर वाकडंतिकडं आहे. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाले, जमेल.


एप्रिल

ते गेले. धनी, आईसाहेब, स्तानावा, बाळ, स्वयंपाकीण आणि चार घोडी. तिहोराद मीठ घेऊन ज्या वाटेनं आले होते त्याच वाटेनं, उलट्या दिशेनं.

मला कोणी 'येऊ नकोस' म्हटलं नाही. 'चल' असंही कोणी म्हटलं नाही. मी दारात उभा होतो. आईसाहेबांनी बाळ शालीत गुंडाळून घेतलं होतं, ते माझ्यापुढे क्षणभर धरलं. त्याचं नाव त्यांनी वूकोसाव ठेवलंय. आजीचं नाक मुलाला आलंय. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. आयुष्यभर बोलतच आलो मी.

"थंडीत उभा राहू नकोस, बोलाशिन," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.


दुसऱ्या दिवशी

दुपारी राजाची माणसं आली. मी दार आधीच उघडून ठेवलं होतं. त्यांचा नायक तरुण होता, सभ्य वाटला. घर रिकामं आहे का, विचारलं. आहे, म्हणालो.

"आणि तू कोण?"

मी सांगितलं, द्याक.

"ते दिसतंय बोटांवरून. कोणाचा?"

मी किल्ली पुढे केली. त्यानं ती घेतली, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेला.